मंदाताईंच्या दारावरून गेलेली शर्यत

"दहा सेकंदांचा मामला आहे," नवरा म्हणाला. "सायकली येणार, सुर्रकन जाणार. एवढ्यासाठी तू पुण्याहून नगरला जाणार?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी सायकलची शर्यत कधी पाहिलेली नाही. गणेशोत्सवातली हळू सायकल चालवायची तेवढी पाहिली आहे आणि तिच्यात एकदा दुसरीही आले आहे. आशियातल्या निरनिराळ्या देशांच्या तेविशीच्या आतल्या मुली अजिंक्यपदासाठी आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर सायकली हाकणार, ही बातमी मी वाचून बाजूला ठेवली होती. मग जयाताईंचा फोन आला.

जयाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नगरला सावेडीत राहतात. पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत त्यांनी नोकरीची बरीच वर्षं काढली.

"अगं, माझी विद्यार्थिनी आहे त्यात! ऋतुजा. आपल्या देशाच्या संघात आहे," त्या म्हणाल्या. "आणि शर्यत तिच्या गावातून जाणार. तिच्या घराच्या दारावरून. एकदा नाही, दोनदा. आता येतेस की नाही ते सांग."

"दारावरून" या शब्दानं माझं मन वळलं. मी मुद्रितशोधनाचं काम करते, शब्दांच्या मागे लागायची सवय आहे. लग्नाची वरात दारावरून जाते, पालखी जाते, शत्रूसुद्धा दारावरून जातो. पण आशियातल्या वेगवान मुलींच्या घोळक्यात आपली मुलगी दारावरून जाताना आईला कसं वाटत असेल? ते मला पाहायचं होतं. यात सायकलपेक्षा दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा मोह जास्त होता का, हा प्रश्न मी शिरूरपर्यंत स्वतःला विचारत होते. उत्तर बहुधा हो असंच आहे.

शनिवारी सकाळी वाकडेवाडीहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे गाडीत बायकाच जास्त होत्या. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर सकाळी लवकर निघा, कारण रांजणगावच्या आसपास कंपन्यांच्या गाड्यांची गर्दी होते आणि एसटी तिथे रखडते. सुप्याच्या पुढे उघडी माळरानं आणि पवनचक्क्या दिसू लागल्या की खिडकी उघडावी. जानेवारीतला तिथला वारा कोरडा आणि गार असतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण कंडक्टर "चला, नगर, नगर" असंच ओरडत होता. माळीवाड्याला उतरल्यावर रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि सावेडीपर्यंत त्याच विचारात गेले.

जेवून आम्ही दोघी जयाताईंच्या स्कूटीवरून शर्यतीचा रस्ता बघायला निघालो. कल्याण रस्त्यानं गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कांदा आणि मध्येच ज्वारी. हिवरे बाजारच्या फाट्याशी जयाताईंनी गाडी आत घेतली. "आलीच आहेस तर बघून घे," म्हणाल्या. डोंगरउतारावर पाणी अडवायला आडवे खणलेले चर, पिवळं पडलेलं उभं गवत, स्वच्छ गल्ल्या, सगळं पाहिलं. तास-दीड तास हाताशी असेल तर जरूर थांबा. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

ऋतुजाच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात गावाची एक चूक आहे, आणि त्या चुकीवरून कुणी गाव ओळखावं असं मला वाटत नाही. एवढं सांगते की रस्ता वरच्या माळावरून लांब उतारानं गावात येतो आणि वेशीपाशी झटकन डावीकडे वळतो. त्या वळणावरच ऋतुजाचं घर आहे. पुढे ओटा, बाजूला गोठा, गोठ्यात दोन जर्सी गाई, मागे कांदा.

"बाई आल्या! बाई आल्या!" करत ऋतुजाची आई मंदाताई बाहेर आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, माझ्याच वयाच्या. हात शेणाचे होते म्हणून त्यांनी कोपरानंच नमस्कार केला.

चहा झाला. मी विचारलं, ऋतुजा जिंकेल का?

"न्हाई," मंदाताई सरळ म्हणाल्या. "ती जिंकायला न्हाई. तिची क्यापटन हाय ना मणिपूरची, तिला जिकवायला हाय. ही पुढं ऱ्हानार, वारा आंगावर घेनार. क्यापटन तिच्या मागं आडोशाला. आन शेवटाला क्यापटन जोर काढनार."

ओट्याच्या कडेला तंबाखू मळत ऋतुजाचे चुलते बबननाना बसले होते. ते म्हणाले, "म्हंजी हमाली! लोकाची पोर पुढं जायला आमच्या पोरीनं गाईचं दूध पिलं का?"

"नाना, तुमी बैलगाडीला दोन बैल जुपता. एकच बैल पैला येतो का?" मंदाताईंनी विचारलं.

"बैलाला नाव तर दोगांचंबी लागतं."

"हिचंबी लागंल. शेवटापत्तुर पोचली की निकालात नाव लागतं. लई मागं पडली की गाडीत घालत्यात, मंग न्हाई लागत. मला तिनं फोनवर सगळं सांगितलंय." मग मंदाताई माझ्याकडे वळल्या. "मला दोनच गोष्टी पायजेत. तिचं नाव लागावं. आन दारावरनं जाताना मी तिला एकदा ओवाळीन."

"ती थांबणार नाही, मंदा," जयाताई म्हणाल्या.

"मला म्हाईत हाय बाई. मी निसती ताट धरून उभी ऱ्हानार. लांबनं का हुईना."

परतताना मला वाटत राहिलं की या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येऊ शकतात. पाहुण्या बाईनं कशाला बोलायचं, असं मी मनाला सांगितलं.

रविवारी रस्ता बंद व्हायच्या आधी पोचायचं म्हणून आम्ही उजाडता उजाडता निघालो. शर्यत बघायला जाणाऱ्यांसाठी माझा पहिला सल्ला हाच: लवकर पोचा आणि सोबत पाणी, टोपी, खायला काहीतरी ठेवा. नंतर पोलीस स्कूटीसुद्धा सोडत नाहीत. दुसरा सल्ला: शक्य असेल तर चढावर उभे राहा. तिथे मुली हळू येतात, चेहरे दिसतात. आम्ही उतारावर होतो, पण आमची गोष्ट वेगळी होती.

गाडी माळावरून उताराला लागली आणि जयाताईंनी ब्रेक लावला.

"अगं बाई, काय केलंय हे!"

रस्ता सजला होता. उताराच्या शेवटापासून वेशीपर्यंत, सगळ्या वळणभर. मध्यभागी शेणाचा सडा, तो आता वाळून हिरवट झालेला. त्यावर रांगोळ्या. प्रत्येक घराच्या बायकांनी आपापला तुकडा घातला होता. कमळं, मोर, ठिपक्यांच्या वेली, आणि मंदाताईंच्या दारासमोर एक भलं मोठं सायकलचं चाक, त्याचा एकेक आरा वेगळ्या रंगाचा. कडेनं झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी. बायका पहाटेपासून वाकून होत्या. त्यांच्या पदरांना, कपाळांना रंग लागला होता.

मी फोटो काढले. त्याच वळणावरून अरुंद चाकांच्या सायकली भरधाव येणार आहेत, हे मला तेव्हा दिसलं नाही. मी रोज चुका शोधण्याचं काम करते आणि तिथे मला फक्त शोभा दिसली.

थोड्या वेळानं शर्यतीच्या पंचांची गाडी आली. एक उंच परदेशी बाई उतरल्या, सोबत मराठी बोलणारी आयोजकांची तरुणी. पंचबाई रांगोळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बुटाचा तळवा पांढऱ्या भुकटीवर ठेवला आणि हलकेच सरकवला. बूट सर्रकन गेला. पाकळ्यांवरही तसंच करून पाहिलं.

तरुणी अवघडून म्हणाली, "काकू, त्या म्हणतायत की फार सुंदर आहे. इतकं सुंदर त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. पण हे काढावं लागेल. मुली उतारावरून खूप वेगात येतात. एक घसरली की मागच्या सगळ्या तिच्यावर पडतात. रस्ता साफ झाला नाही, तर शर्यत वरच्या फाट्यावरून बाहेरून वळवायला लागेल."

"म्हंजी गावात यायचीच न्हाई?" बबननाना उभेच राहिले.

"नाही येणार, काका."

मग मंदाताईंच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पावना यायच्या आदी रांगोळी पुसत न्हाईत. कदी ऐकलं न्हाई आसलं."

हे काही हट्टानं म्हटलेलं वाक्य नव्हतं. रांगोळी पाहुण्यासाठी असते. तिच्यावरून पाऊल टाकून पाहुणा आत आला की तिचं काम होतं. तो येण्याआधीच ती पुसायची म्हणजे "येऊ नको" म्हटल्यासारखं. बायकांच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. एकीनं हातातली रांगोळीची वाटी पदराआड घेतली.

"ट्यांकर आनतो," बबननाना म्हणाले. "धुऊन काढू."

"पानी नगं," मंदाताई म्हणाल्या. "राड हुईल. ऊन चढंस्तवर वाळायची न्हाई." त्या गोठ्यात गेल्या आणि खराटा घेऊन आल्या. सासूबाईंसमोर थांबल्या. "आत्या, माझी पोर बी त्याच उतारानं येनार हाय."

म्हाताऱ्या सासूबाईंनी मान फिरवली. नाही म्हणाल्या नाहीत.

मंदाताईंनी पहिला खराटा स्वतःच्या चाकावर मारला. मग बाकीच्या बायका आल्या. खराटे, केरसुण्या, गोणपाटं. जयाताईंनी शाळेतला आवाज काढला: "वरून खाली झाडा! वाऱ्याकडे पाठ करा! पाकळ्या आधी उचला!" मला एक केरसुणी मिळाली. वाळलेला सडा गोणपाटानं घासून निघाला, भुकटी मात्र डांबराच्या खडबडीत बसली होती. तिच्यासाठी बबननाना आणि आणखी दोघं-तिघं पुरुष गुडघ्यांवर बसले. बबननाना घासता घासता पुटपुटत होते, "आधी घाला, मंग काढा. हमालीच की ही बी."

"व्हय," मंदाताई म्हणाल्या. "लेकीच्या जोडीनं आपुन बी करू थोडी."

पंचबाई परत आल्या. पुन्हा बूट घासला. आता सरकला नाही. त्यांनी सगळ्या बायकांना हात जोडून नमस्कार केला आणि गाडीत बसल्या.

झाडून जमा झालेली रंगांची मिसळ मंदाताईंनी पाटीत भरून ओट्यापुढच्या अंगणात ओतली. सगळे रंग मिळून मातकट गुलाबी झाले होते. त्यातून त्यांनी घाईघाईनं एक छोटं चाक काढलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आरे वाकडे आल्यात." मग स्वतःच खाली बसून त्यांनी बोटानं ते सरळ केले.

आधी पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, मग एक गाडी, तिच्यावर दिवा. मग क्षणभर काहीच नाही. आणि माळाच्या टोकावर रंग दिसले.

आवाज मी कधी विसरणार नाही. कणसांवर बसलेला पाखरांचा थवा एकदम उठावा तसा. त्यात मुलींच्या हाका, कुठल्या कुठल्या भाषांतल्या. आणि सगळ्यांच्या पुढे, निळ्या कपड्यांत, मान खाली घातलेली एक मुलगी.

"ऋतुजा! आपली ऋतुजा पैली!"

गाव नुसतं फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला. मंदाताई ताट धरून उभ्या होत्या. निरांजन वाऱ्यानं विझलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं. ऋतुजानं मान वर केली नाही. घर, आई, ताट, काही पाहिलं नाही. वळण आलं, शरीर एका बाजूला झुकलं, मागोमाग सगळा घोळका झुकला आणि वेशीतून नाहीसा झाला. नवऱ्यानं दहा सेकंद जरा जास्तच सांगितले होते.

"पैली हाय!" बबननानांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पहिली नाही नाना, पुढे आहे," जयाताई म्हणाल्या. "फरक आहे. वारा अडवतेय ती."

"बाई, पुढं आसल तोच पैला. शाळंत पोरांना तुमीच रांगंत ह्ये शिकवलं."

दुसरी फेरी यायला पुष्कळ वेळ होता. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, वांग्याचं भरीत आणि कांदा आला. आम्ही ओट्यावर बसून खाल्लं. शेजारच्या शेतातून कुणी हुरडा भाजून आणला. पैशांचा विषय काढला तर मंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स पुन्हा पिशवीत टाकली. तुम्ही अशा गावात जाणार असाल तर घरातल्या मुलांसाठी वगैरे काहीतरी आधीच घेऊन जा. मी मोकळ्या हातानं गेले होते.

मग पुन्हा मोटारसायकली आल्या. पण या खेपेला घोळका फुटला होता. आधी सात-आठ जणी, चेहरे ताणलेले. मग मोठा गट. त्यात निळ्या कपड्यांतली मणिपूरची कॅप्टन होती, जयाताईंनी बोट दाखवलं. गाव ऋतुजाला शोधत होतं. ती नव्हती. मग तिघी, मग दोघी. मग रस्ता मोकळा.

डबा बडवणारा थांबला.

"गाडीत घातली का काय," बबननाना हळूच म्हणाले. या वेळी टोमणा नव्हता.

"तिचं काम झालं असेल नाना," जयाताईंनी समजावलं. "पुढे राहून दमली, आता मागे पडली. असंच असतं." पण त्याही माळाकडेच बघत होत्या.

मंदाताईंनी निरांजन पुन्हा पेटवलं. पदराचा आडोसा करून त्या रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी.

खूप वेळानं माळावर एक ठिपका दिसला. त्याच्या मागे एक गाडी, सावकाश. ठिपका उताराला लागला, निळा झाला, ऋतुजा झाला. या वेळी तिची मान वर होती. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ होते. तिनं घर पाहिलं, अंगणातलं चाक पाहिलं असेल, आई पाहिली, ताट पाहिलं.

आणि तिची बोटं ब्रेकवर गेली.

मी ते स्पष्ट पाहिलं. चाकांचा आवाज बदलला. सायकल वेशीकडे वळण्याऐवजी घराकडे येऊ लागली. मागून येणारी गाडीही मंद झाली. गावातल्या बायका पुढे सरकल्या. "आली गं, थांबतीय गं!"

मंदाताईंनी ताट माझ्या हातात कोंबलं. कोंबलंच. थोडं तेल माझ्या मनगटावर सांडलं. मग दोन्ही हात मोकळे करून, सगळं गाव दचकेल अशा आवाजात त्या ओरडल्या:

"थांबू नगंस! जा! पळ! नाव लागू दे!"

ऋतुजा क्षणभर गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. हसू म्हणावं की रडू, माझ्या डोळ्यांना ठरवता आलं नाही. ती पॅडलवर उभी राहिली, सायकल आडवी-तिडवी हलली, आणि आमच्यापासून हातभर अंतरावरून ती निघून गेली. मंदाताई तिच्या मागे चार पावलं धावल्या. "पळ! पळ माझी बाय!" वळणावर ऋतुजानं एक हात वर केला. मागून गाडी गेली. रस्ता रिकामा झाला.

माझ्या हातात निरांजन तेवत होतं. मंदाताई धापा टाकत परत आल्या, पदरानं तोंड पुसलं, ताट घेतलं. म्हणाल्या, "पेटलेलं ताट तसंच घरात न्यायचं न्हाई." आणि त्या जयाताईंसमोर उभ्या राहिल्या. "बाई, शाळंत आसताना पैली सायकल तिला तुमीच दिली. उभ्या ऱ्हावा."

जयाताई चपला काढून उभ्या राहिल्या. मंदाताईंनी त्यांना कुंकू लावलं आणि ओवाळलं. सासूबाईंनी ओट्यावरूनच अक्षता टाकल्या. त्या निम्म्या माझ्या डोक्यावर पडल्या.

रस्ता उघडल्यावर आम्ही नगरला आलो आणि मी संध्याकाळची एसटी धरली. परतीला रविवारी गर्दी असते, आधी आरक्षण करा. मी केलं नव्हतं, सुप्यापर्यंत उभी होते. मनगटावर तेलाचा डाग होता, बोटांत रांगोळीची कचकच. उभ्या उभ्या मी विचार करत होते की मी मंदाताईंच्या जागी असते तर काय केलं असतं. मला वाटतं, मी ओवाळलं असतं. लांबून आलेल्या मुलीला एक क्षण थांबवलं तर काय बिघडतं, अशी स्वतःची समजूत घातली असती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं उत्तर सापडत नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "मग? दहा सेकंद होते का?"

"पहिल्यांदा तेवढेही नव्हते," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा मोजायचं राहिलं."

त्याला फोटो दाखवायला गेले तर शर्यतीचा एकही नाही. सगळे रांगोळीचे, पुसण्याआधीचे.

दोन दिवसांनी जयाताईंचा फोन आला. मणिपूरच्या कॅप्टनचं पदक थोडक्यात हुकलं. ऋतुजा शेवटच्यांत, पण वेळेत पोचली. नाव लागलं. एका दिवसासाठी ती घरी आली होती, तेव्हा मंदाताईंनी तिला दारात ओवाळलं. आणि त्याआधी सासूबाईंनी सगळ्या बायकांना पुन्हा रस्त्यावर बसवलं होतं, त्याच वळणावर. "आता खरी पावनी आली," म्हणाल्या म्हणे.

"पण रस्ता तर आता चालू आहे ना?" मी विचारलं. "गाड्यांनी गेलीच असेल ती रांगोळी."

"पहिला दुधाचा टेम्पो आला," जयाताई म्हणाल्या. "त्यानं मंदाच्या रांगोळीतल्या चाकाजवळ येऊन गाडी कडेला घेतली आणि मातीतून नेली."

खरंच नेली, की मला बरं वाटावं म्हणून त्यांनी तसं सांगितलं, हे मी विचारलं नाही.